जामीन मंजूर, माणूस आत

दर आठवड्याला जिल्हा कारागृहाकडून आमच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात एक यादी येते. कोर्टानं जामीन दिला, त्याला सात दिवस उलटले आणि तरीही जे बाहेर पडलेले नाहीत, अशा बंद्यांची ही यादी. नाव, वय, पोलीस ठाणं, गुन्ह्याचा नंबर, कलमं, जामिनाची तारीख, रक्कम आणि शेवटच्या रकान्यात न सुटण्याचं कारण. हा शेवटचा रकाना बहुतेक वेळा दोनच शब्दांत भरलेला असतो : जामीनदार नाही. मी विधी स्वयंसेवक आहे. कोर्टात आणि जेलमध्ये आम्हाला सगळे ‘पीएलव्ही’ म्हणतात. माझं काम या रकान्यापासून सुरू होतं.

ही यादी येऊ लागली त्याला फार वर्षं झालेली नाहीत. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनाला, सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू बोलायला उभ्या राहिल्या. किरकोळ गुन्ह्यांत वर्षानुवर्षं आत पडलेल्या गरिबांबद्दल त्या बोलल्या. त्यांना सोडवायला गेलो तर घरातलं होतं नव्हतं ते विकावं लागेल, या धास्तीनं गप्प बसणाऱ्या त्यांच्या घरच्यांबद्दलही बोलल्या. समोर न्यायमूर्ती बसले होते. पुढच्या दोन-सव्वादोन महिन्यांतच, ३१ जानेवारी २०२३ रोजी, न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठानं देशभरच्या कोर्टांसाठी आणि कारागृहांसाठी निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं अधीक्षकांकडे जावी. जामिनाची तारीख कारागृहाच्या संगणकात नोंदली जावी. सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. सचिवांनी कोणाला तरी त्याच्याकडे पाठवावं. गरज पडल्यास त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करून कोर्टापुढे ठेवावा. आणि महिना उलटूनही जामीनदार मिळाला नाही, तर अट सैल करता येईल का, याचा विचार कोर्टानं आपणहून करावा.

त्या निर्देशांतलं ‘कोणाला तरी’ म्हणजे आम्ही.

जामीन झाला म्हणजे माणूस सुटला, असंच बाहेर सगळ्यांना वाटतं. या कामात पडेपर्यंत मलाही दुसरं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. प्रत्यक्षात आदेशात लिहिलेलं असतं, की अमुक रकमेचा वैयक्तिक जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक किंवा दोन सक्षम जामीनदार. मग जामीनदार शोधायचा. त्याच्याकडे सातबारा हवा किंवा घराचा उतारा आणि घरपट्टीची पावती. काही ठिकाणी तहसीलचा ऐपतीचा दाखला मागतात. रेशनकार्ड, आधार, फोटो. कागद खरे आहेत की नाहीत याची पोलिसांकडून पडताळणी. तोवर साहेब रजेवर नसतील, शनिवार-रविवार मध्ये आला नसेल, तर जामीनदारानं कोर्टात उभं राहायचं, सह्या करायच्या. त्यानंतर सुटकेचा आदेश निघायचा आणि तो संध्याकाळी बंदी मोजून बराकी बंद व्हायच्या आत कारागृहात पोचायचा. यातला प्रत्येक टप्पा जामीनदाराची एकेक रोजी खातो. सख्खा भाऊ असला तरी तो मजूर असेल तर दुसऱ्या चकरेला येताना दहादा विचार करतो, आणि त्याला मी कधी दोष दिलेला नाही.

कोर्टं एवढी काटेकोर का झाली, हेही सांगायला हवं. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे लोक असतात. एकाच सातबाऱ्यावर निरनिराळ्या कोर्टांत निरनिराळ्या आरोपींना सोडवलेलं असतं. असं एखादं प्रकरण उघडकीला आलं, की कारकुनापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे सावध होतात आणि पडताळणी आणखी कडक होते. धंदेवाईक जामीनदार त्या कडकपणातूनही वाट काढतो, कारण तो त्याचा रोजचा उद्योग आहे. अडतो तो आयुष्यात पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढलेला मावसभाऊ, ज्याच्या आधारवरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक असतो.

यादीतल्या माणसाला मी भेटते तेव्हा त्याला गुन्ह्याबद्दल काही विचारत नाही. ते काम वकिलांचं. मी विचारते, कोणाचा फोन नंबर पाठ आहे का? बहुतेकांना एकही नंबर पाठ नसतो. सगळे नंबर मोबाइलमध्ये, आणि मोबाइल मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यात सीलबंद. अटकेच्या रात्री हातातून फोन गेला, त्या क्षणी आई, बायको, मुकादम, मित्र सगळेच गेले. घरच्यांना वाटतं, पोरगा कामावर आहे, फोन बिघडला असेल. मग काही आठवड्यांनी वाटतं, कुठे निघून गेला. जेलमध्ये फोनची सोय असते, वकीलही सरकारी खर्चानं मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या कोणालाही उत्पन्न न बघता तो मिळतो. पण लावायला नंबर नसेल तर त्या फोनचा काय उपयोग?

एका फरशीकाम करणाऱ्या पोराचं प्रकरण मी नव्या स्वयंसेवकांना नेहमी सांगते. उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यातला. बांधकामाच्या जागेवरून तांब्याच्या वायरीचं बंडल गेलं, संशय त्याच्यावर आला. जामीन लवकर झाला, पंधरा हजारांचा, आणि तो आतच राहिला. ठेकेदारानं हात वर केले. नंबर एकही पाठ नव्हता. गावाचं नाव त्यानं सांगितलं, पण त्याच्या उच्चारावरून मला ते नकाशावर सापडेना. मग शाळा कुठली, बाजार कुठे भरतो, बसमधून उतरल्यावर डाव्या हाताला काय लागतं, असं विचारत विचारत तालुक्यापर्यंत पोचले. तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आमच्या सचिव मॅडमनी पत्र पाठवलं. विधी सेवेची यंत्रणा प्रत्येक जिल्ह्यात आहे आणि माझ्यासारखाच कोणीतरी तिथेही असतो, याचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. तिथला स्वयंसेवक मोटारसायकलवरून गावात गेला, घर शोधलं आणि पोराच्या आईला माझ्याशी बोलायला लावलं. ती माउली पहिली काही मिनिटं फक्त ‘जिंदा है ना?’ एवढंच विचारत होती.

आई सापडली म्हणजे जामीनदार सापडला असं नाही. तिची दोन बिघे जमीन हजार-बाराशे किलोमीटरवर. इथे पोरगा ज्या खोलीत राहायचा, त्या खोलीची मालकीण एक विधवा बाई. मी तिच्याकडे गेले तेव्हा तिनं चहा टाकला आणि म्हणाली, “ताई, भाडं कधी थकवलं नाही त्यानं. माझं सिलिंडर बी तोच आणून द्यायचा. मी राहते की जामीन. पण उतारा अजून सासऱ्याच्याच नावावर हाय, वारस लागलेच न्हाईत.” अशी घरं आपल्या जिल्ह्यात किती असतील! माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत, घरपट्टी भरताहेत आणि कागदावर मालक म्हणून मेलेला माणूस उभा आहे. ऐपतीचा कागद मागितला तर ही बाई कुचकामी. पण पोराला ओळखणारं त्या शहरात तिच्याइतकं दुसरं कोणी नव्हतं.

परिविक्षा अधिकाऱ्यांच्या मदतीनं आम्ही अहवाल लिहिला. वडील नाहीत, आई शेतमजुरी करते, दोन बहिणी लग्नाच्या. या शहरात तीन वर्षं एकाच खोलीत राहतो. कामाचा मुकादम तोच. आधीचा गुन्हा नाही. घरमालकिणीचं म्हणणं तिच्या सहीसह. बहराइचच्या स्वयंसेवकानं घराची आणि आईच्या ओळखपत्राची पाठवलेली छायाचित्रं. बचाव वकिलांनी अर्ज केला. न्यायाधीशांनी अहवाल वाचला, घरमालकिणीला समोर बोलावून दोन प्रश्न विचारले आणि जामीनदाराची अट काढून वैयक्तिक जातमुचलक्यावर त्याला सोडलं. आधीच्या अर्जाच्या वेळी याच न्यायाधीशांपुढे त्याच्याबद्दल काय होतं? फिर्याद, पंचनामा आणि ‘आरोपी परप्रांतीय असून पळून जाण्याची शक्यता आहे’ हे पोलिसांचं वाक्य. तेवढ्या माहितीवर मीसुद्धा जामीनदार मागितला असता.

या कामातून माझं जे मत बनलं, ते हेच आहे. पैशाची हमी कोर्ट मागतं, कारण माणसाची ओळख त्याच्यासमोर कोणी ठेवत नाही. ती ठेवली, तर बहुतेक न्यायाधीश माणसासारखा निर्णय देतात. आदेश आणि परिपत्रकं हवीतच, पण त्यांच्या मागे गावात जाऊन चौकशी करून येणारा कोणीतरी लागतो. सुधारणेच्या चर्चेत या दुसऱ्या गोष्टीची तरतूद सगळ्यात शेवटी होते.

आमच्या अहवालाच्या नमुन्यातले प्रश्न कुठून आले, याचा शोध घेताना मला मोठं नवल वाटलं. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षं पडलेल्या माणसांबद्दल के. एफ. रुस्तमजी यांनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये लिहिलं होतं, आणि त्या लेखांच्या आधारे कपिला हिंगोरानी यांनी याचिका केली. त्या निकालात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलं, की जामीन ठरवताना माणसाचा समाजातला पाया बघा : तो किती वर्षं तिथे राहतो, काम काय करतो, घरचे कोण, आधीचं रेकॉर्ड काय, त्याच्याबद्दल खात्री देणारं जबाबदार माणूस कोण. आणि त्यांनी दाखला दिला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या एका प्रयोगाचा.

तो प्रयोग १९६१ मधला. लुई श्वाइत्झर नावाचे एक उद्योजक ब्रुकलिनच्या तुरुंगात गेले होते. जामिनाची रक्कम भरता येत नाही, एवढ्यासाठी तरुण पोरं महिनोन्‌महिने आत आहेत, हे पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनी हर्बर्ट स्टर्झ या तरुण पत्रकाराला हाताशी धरलं आणि व्हेरा नावाची संस्था काढली. कायद्याचे विद्यार्थी कोर्टाच्या कोठडीत जायचे आणि ताज्या अटक झालेल्यांना विचारायचे : कुठे राहतोस, किती दिवस, कोणाबरोबर, नोकरी कुठे. उत्तरं फोन करून, माणसं गाठून तपासायची, त्यांना गुण द्यायचे, आणि पुरेसे गुण पडले तर न्यायाधीशांकडे शिफारस करायची, की याला पैसे न घेता, फक्त त्याच्या शब्दावर सोडा. तीन वर्षांत असे हजारो लोक सुटले आणि तारखेला गैरहजर राहिलेल्यांचं प्रमाण दोन टक्क्यांपेक्षाही कमी निघालं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य पातळीवर जामीन सुधारणेचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी हा प्रयोग होता. मॅनहॅटनच्या कोठडीत विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न पाटण्याच्या बंद्यांच्या निकालातून फिरत फिरत आपल्या जिल्ह्याच्या जेलमध्ये माझ्या हातातल्या कागदावर आले आहेत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण त्याबरोबर रागही येतो. कारण १९७८ मध्येच, मोतीराम प्रकरणात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे सगळं स्वच्छ सांगून ठेवलं होतं. मोतीराम हा मध्य प्रदेशातला गवंडी. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ जामीन राहायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयानं मोतीरामला हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. आणि २०२३ च्या निर्देशांत पुन्हा लिहावं लागलं, की स्थानिक जामीनदाराचा आग्रह सुटकेला उशीर करतो, तो धरू नये. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत किती गवंडी, किती फरशीवाले या एका अटीपायी आत राहिले असतील? २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे खटला निकाली न निघालेले. दर चारांत तीन.

सगळ्यात अवघड अहवाल पारधी समाजातल्या माणसांचे. एका बाईचं सांगते. कडेवर लेकरू होतं. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर कारागृहात राहू शकतं. चोरीच्या मालाचा गुन्हा. जामीन मंजूर. पोलिसांच्या म्हणण्यात लिहिलेलं, की आरोपीस कायम वास्तव्य नाही. ती म्हणाली, “बाई, आमी पंधरा सालापून त्याच माळावर हाव. पाल हाय, शेळ्या हायत्या. घर न्हाई म्हून आमी न्हाईच का?” रेशनकार्ड नाही, जातीचा दाखला नाही, मतदार यादीत तिचं नाव आहे पण नवऱ्याचं नाही. १८७१ च्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्यातून मुक्त झाल्या, पण पोलीस ठाण्याच्या फळ्यावरून आणि गावाच्या मनातून त्या अजून सुटलेल्या नाहीत.

त्या माळावर मी गेले, तर गावातलं कोणी काही सांगायला तयार होईना. शेवटी जिल्हा परिषद शाळेच्या मास्तरांनी हजेरीपट दाखवला. तिची थोरली पोरगी तिसरीत होती आणि सलग तीन वर्षांची तिची हजेरी त्या पटावर होती. पोरगी शाळेत येते म्हणजे आई माळावर राहते, यापेक्षा कायम वास्तव्याचा वेगळा पुरावा काय हवा? अंगणवाडी ताईंनी लसीकरणाच्या नोंदी दिल्या. एका शेतकऱ्यानं सांगितलं, की हंगामात ती त्याच्याकडे खुरपणीला येते. हे सगळं अहवालात गेलं. तिची सुटका झाली, पण दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरीची अट पडली. ठाणं तिच्या माळापासून एवढं दूर, की हजेरीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं. अट टाकताना हे गणित कोर्टापुढे कोणी मांडलं नव्हतं. आता आमच्या अहवालात एक ओळ आम्ही नेहमी घालतो : घरापासून ठाणं किती लांब आणि एका खेपेला किती पैसे लागतात.

सुटलेले सगळे परत येतात का, हा प्रश्न मला दर प्रशिक्षणात विचारला जातो. सगळे येत नाहीत. जातमुचलक्यावर सुटलेला एक ऊसतोड मजूर दोन तारखांना आला नाही आणि अजामीनपात्र वॉरंट निघालं. बचाव वकील चिंतेत होते, कारण अशा एका प्रकरणानं पुढच्या दहा जणांचे अर्ज अडतात. मी त्याच्या तांड्यावर गेले. तो टोळीबरोबर कर्नाटकात कारखान्यावर होता. मुकादमाची उचल घेतलेली, हंगाम सोडून येणं शक्य नाही, आणि पुढची तारीख कोणती हेच त्याला माहीत नव्हतं. एका तारखेला साहेब रजेवर होते, पुढची तारीख पडली, ती त्याला कोण सांगणार? मुकादमाशी फोनवर बोलून त्याला बोलावून घेतलं, तो हजर झाला, वॉरंट रद्द झालं. तेव्हापासून आमच्या कार्यालयात एक वही आहे. तारखा ई-कोर्टच्या ॲपवर दिसतात. अहवालावर सुटलेल्या प्रत्येकाला तारखेच्या दोन दिवस आधी आम्ही फोन करतो. हे काम कोणत्याही परिपत्रकात नाही. एवढ्या साध्या फोनमुळे गैरहजेरी कमी झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. पळून जाणारा आणि तारीख चुकलेला, हे दोन वेगळे लोक आहेत. आपल्या कागदपत्रांत मात्र दोघांसाठी एकच शेरा असतो.

माणसावर भरवसा टाकून बघण्याचं धाडस आपल्या मातीत नवं नाही. १९३९ मध्ये औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं आणि शिक्षा झालेल्या कैद्यांना कुलपाशिवाय, शेती करत राहू दिलं. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ मुळे ती गोष्ट देशभर गेली. पटकथा गदिमांची, आणि ते त्याच माणदेशातले. शिक्षा झालेल्यांवर एका छोट्या संस्थानाला एवढा विश्वास ठेवता आला. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे, त्यांच्या बाबतीत आपण एवढे का बिचकतो, हे मला उमगत नाही. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, कारागृहांतली गर्दी कमी करायला नेमलेल्या उच्चस्तरीय समितीनं ठरवलं तेव्हा सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतले कितीतरी बंदी आपल्या राज्यात अंतरिम जामिनावर बाहेर आलेच की. गर्दीची भीती होती म्हणून झालं. गर्दी आजही आहे.

जामीनदार न मिळाल्यानं आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. किरकोळ चोरीतला माणूस आत कंटाळतो. बराकीतले जुने लोक सांगतात, गुन्हा कबूल कर, भोगली तेवढीच शिक्षा देतील, उद्या घरी जाशील. ते बऱ्याचदा खरंही ठरतं. माणूस कबुली देतो, आत काढलेले दिवस शिक्षेत धरले जातात आणि तो सुटतो. पण आता तो शिक्षा झालेला गुन्हेगार आहे. पुढच्या वेळी वस्तीत काही झालं की पोलीस पहिल्यांदा त्याच्या दारात. चारित्र्य पडताळणीचा दाखला मागणारी कुठलीही नोकरी त्याला मिळत नाही. एका पोरानं मला कबुलीच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, “मॅडम, मी केलंच नाही. पण घरी जायचं तर केलं म्हणायला लागतंय.” त्या प्रकरणात आम्ही वेळेत अहवाल देऊ शकलो नाही, कारण यादीत त्याचं नाव त्या आठवड्यात आलंच नव्हतं. अशा माणसासाठी १९५८ चा परिविक्षा कायदा आहे. दोष सिद्ध झाला तरी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं आणि दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही त्याला लागत नाही. वकिलांनी तो मागितला पाहिजे आणि कोर्टानं वापरला पाहिजे. तो जेवढा वापरला जायला हवा तेवढा जात नाही.

नव्या फौजदारी कायद्यांत काही दारं उघडली आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या न्यायाधीन बंद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं असतं. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. अर्ज कारागृह अधीक्षकांनीच करायचा, म्हणजे बंद्याला वाट बघायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे १ जुलै २०२४ च्या आधीच्या प्रकरणांनाही लागू केलं. आमच्या जिल्ह्याच्या पुनर्विलोकन समितीच्या बैठकीत त्या आधारे नावं निघतात, लोक सुटतात, हे चांगलंच आहे. पण याच कलमात म्हटलं आहे, की एकाहून अधिक गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असलेल्याला ही सवलत नाही. पारधी वस्तीतल्या माणसाचा विचार करा. एका चोरीत संशयावरून धरला, की त्याच महिन्यातल्या आणखी दोन उकल न झालेल्या चोऱ्या त्याच्या नावावर टाकल्या जातात. ज्याला या कलमाची सर्वाधिक गरज, त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. हा अपवाद कायद्यातून गेला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि बैठकीत बोलायची संधी मिळते तेव्हा मी ते मांडते.

पैशासाठीही योजना आली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३ च्या योजनेत गरीब न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत आणि शिक्षा भोगलेल्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदतीची तरतूद केली होती. जिल्ह्याची समिती निर्णय घेते. दंड भरायला पैसे नाहीत म्हणून जास्तीची शिक्षा काढणाऱ्यांना याचा फार उपयोग आहे. जामिनाच्या बाबतीत मात्र रक्कम हाती असूनही आदेशातली जामीनदाराची अट शिल्लक असेल, तर आधी ती बदलून रोख जामीन करून घ्यावा लागतो. म्हणजे फिरून पुन्हा वकील, अर्ज आणि अहवाल.

वकिलांच्या बाजूनं झालेला बदल मला खराखुरा वाटतो. २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं बचाव वकिलांची पूर्णवेळ कार्यालयं सुरू केली : मुख्य, उप आणि सहायक लोकअभिरक्षक. पूर्वी पॅनलवरच्या वकिलाला प्रकरणागणिक मानधन मिळायचं आणि त्याची खासगी वकिलीही चालू असायची. त्यातही जीव ओतून काम करणारे होते. पण आता या वकिलांना दुसरी फौजदारी कामं घेता येत नाहीत, त्यांना बसायला जागा आहे, ते कारागृहात जातात, आणि मी अहवाल घेऊन गेले तर त्याच दिवशी अर्ज टाइप होतो. आमच्याकडच्या सहायक वकिलांपैकी एक मुलगी बराकीतल्या प्रत्येक बाईला तिची पुढची तारीख तोंडी सांगते. ती आली की बायका आपापल्या तारखा विचारायला गजांशी गोळा होतात.

आता आमचा प्रयत्न एकच आहे. अहवाल जामिनानंतर सात दिवसांनी का लिहायचा? मॅनहॅटनचे विद्यार्थी पहिल्याच दिवशी कोठडीत जात होते. २०१९ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणानं अटक आणि रिमांडच्या टप्प्यावरच कायदेशीर मदत पोचवण्याची पद्धत आखून दिली आहे. तिचाच आधार घेऊन तालुक्याच्या एका कोर्टात आम्ही रिमांडच्या वेळी उभं राहायला सुरुवात केली. आरोपीला चोवीस तासांत कोर्टात आणतात तेव्हा नातेवाईक बाहेर व्हरांड्यात असतात. तिथेच विचारपूस करून एक पानी माहिती लिहायची आणि ती बचाव वकिलांच्या हातात द्यायची, म्हणजे जामिनाच्या पहिल्याच सुनावणीला ती न्यायाधीशांसमोर असते. पोलिसांचा सुरुवातीला विरोध होता. ठाण्याच्या एका जमादारांनीच मग मार्ग सुचवला, की पंचनाम्यात मोबाइल सील करण्याआधी आरोपीला घरच्यांचे दोन नंबर कागदावर उतरवून घेऊ द्यावेत. त्या ठाण्यात ते होऊ लागलं आहे. पुढच्या महिन्यात शेजारच्या तालुक्याच्या कोर्टातही बसायचं ठरलं आहे. तिथे अजून स्वयंसेवक नाहीत, म्हणून बचत गटातल्या दोघींना आणि एका निवृत्त तलाठ्यांना सचिव मॅडमनी प्रशिक्षणाला बोलावलं आहे. तलाठी भाऊसाहेबांना कोणाचा उतारा कोणाच्या नावावर अडकला आहे, हे तोंडपाठ असतं, आणि वारस नोंदी लावून घ्यायचं काम त्यांनी आतापासूनच अंगावर घेतलं आहे.